मखर गेले, मौन राहिले

मुलीला न्हाण आले की तिला मखरात बसवावे, आळीतील बायकांनी तिची ओटी भरावी, असा सोहळा दोन-तीन पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातील अनेक घरांत होत असे. त्यामागे बालविवाहाची रूढी होती आणि ती गेली हे उत्तमच झाले. परंतु देहातील त्या बदलाची वार्ता तेव्हा घरात दडविली जात नव्हती. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय 14 ठरविले. 1978 साली ते 18 झाले. सुशिक्षित घरांत लग्न आता पंचविशीपर्यंत लांबते. म्हणजे वयात येणे आणि विवाह यांच्यामध्ये दहा-बारा वर्षांचा कालखंड नव्यानेच निर्माण झाला. जुन्या व्यवस्थेजवळ त्यासाठी सांगण्यासारखे काही नव्हते, कारण तो अस्तित्वातच नव्हता. नव्या व्यवस्थेनेही काही योजिले नाही.

शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम 2007 साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी विरोधापुढे नमून रोखला. हे शिक्षण घरीच शोभते, असे अशा वेळी आवर्जून सांगितले जाते. ठीक, पण मग घर ते देते काय? दहावीच्या विज्ञानातील प्रजननाचा पाठ वर्गात भराभर उरकला जातो, आणि घरी सॅनिटरी नॅपकिनची जाहिरात लागली की वडील वर्तमानपत्रात तोंड खुपसतात. त्या वस्तूवरील 12 टक्के कर जुलै 2018 मध्ये रद्द झाला, पण दुकानदार ती अजून कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून देतो. कर उठविणे सोपे होते.

अडचण पुष्कळदा शब्दांपासूनच सुरू होते. शरीराच्या या भागांसाठी मराठीत एक तर शिवीतले शब्द आहेत, नाही तर पाठ्यपुस्तकातले संस्कृत. आईने मुलीशी सहज बोलावे असा घरगुती शब्द नाही. ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची आहे’ एवढ्यावर भागविले जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59.1 टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या. अपुरा आहार हे त्याचे मोठे कारण खरे. परंतु अतिस्राव होत असताना ‘हे असेच असते’ म्हणून गप्प राहणारी मुलगी डॉक्टरपर्यंत पोचणार कशी? बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध 2012 साली कडक कायदा झाला. तोही मूल काही तरी सांगेल या गृहीतावरच पुष्कळसा उभा आहे, आणि ज्याला अवयवाचे नाव घेण्याचीही चोरी, ते मूल काय सांगणार?

मुलग्यांची स्थिती तर याहूनही केविलवाणी आहे. मुलीला निदान पाळी आल्यावर आई चार शब्द सांगते. मुलाला कोणीच काही सांगत नाही. वयात येताना झोपेत वीर्यस्खलन होणे ही नैसर्गिक गोष्ट, पण तिचे नावच ‘स्वप्नदोष’. या एका शब्दावर भोंदू वैद्यांचा केवढा बाजार चालतो, हे रेल्वेमार्गालगतच्या भिंती वाचणाऱ्यास ठाऊक आहे. र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि 1953 साली निधन होईपर्यंत चालविले. वाचकांच्या असल्याच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला कर्वे हरले. प्रश्न मात्र तसेच राहिले. आज ते मुलाच्या हातातील मोबाइलला विचारले जातात, आणि उत्तर बहुधा अश्लील चित्रफितीतून मिळते.

वास्तविक हे काम मोठ्या व्याख्यानाचे नाही. स्वप्नावस्था हा दोष नव्हे, एवढे मुलाला सांगण्यास वडिलांना पाच मिनिटे पुरतात. मुलीच्या बाबतीत वेळ चुकवून चालत नाही. पाळी साधारणतः बाराव्या-तेराव्या वर्षी येते, काहींना नवव्या-दहाव्या वर्षीही. तेव्हा बोलणे चौथी-पाचवीतच व्हावयास हवे. ‘अजून लहान आहे, आठवीत गेली की पाहू’ असे आई म्हणते, आणि तोवर शाळेच्या स्वच्छतागृहात एकटीने रडण्याचा तो दिवस येऊन गेलेला असतो.