आपले खाते आपण पाहावे

१८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या दारी गेले, ते प्रथम कर्जरोखे मागण्यासाठी. आणि त्यांनी रोखे जाळलेही. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या चार जिल्ह्यांसाठी जो कायदा झाला, त्याने शेतकरी ऋणकोस दरवर्षी आपल्या खात्याचा लेखी उतारा सावकाराकडून मागण्याचा हक्क दिला. आपल्या नावावर काय लिहिले जाते ते आपणांस कळावे, एवढीच त्यातली गोष्ट होती. आज ती वही संगणकात गेली आहे. वर्षातून एकदा तिचा उतारा फुकट मिळतो. परंतु आमच्या हमाल-कामगारांच्या बैठकीत तो कोणी काढला आहे असे आम्ही विचारले, तेव्हा एकही हात वर झाला नाही.

'सिबिल' हा शब्द मात्र आता आठवडी बाजारातही ऐकू येतो. वास्तविक ते २००० साली निघालेल्या एका कंपनीचे नाव आहे. अशा कंपन्या चार: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली त्या बँकांकडून आपल्या कर्जांची माहिती गोळा करतात. १ जानेवारी २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने या प्रत्येक कंपनीने दर वर्षी एक पूर्ण अहवाल, गुणांकासह, विनामूल्य दिलाच पाहिजे. म्हणजे चार अहवाल झाले. दर तीन महिन्यांनी एकेक मागवावा, वर्षभर नजर राहते.

कंपनीच्या संकेतस्थळावर पॅन क्रमांक, जन्मतारीख व मोबाईल क्रमांक द्यावा लागतो. तेथे पैशाच्या योजना ठळक मांडलेल्या असतात आणि फुकटाची वाट कोपऱ्यात असते. दुकानदारी ती दुकानदारीच! मोबाईलवर येणारा ओटीपी दुसऱ्याच्या हाती देऊ नये. आपला अहवाल आपणच पाहिल्याने गुण कमी होतात ही समजूत खोटी आहे.

आमच्या एका हमालबंधूंनी मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागितले आणि ते नाकारले गेले. कारण विचारले तर उत्तर एकच, 'सिबिल खराब.' आम्ही शाळेत चौथीपुढे गेलो नाही. कागद वाचायला शिकलो ते मजुरीच्या चिठ्ठ्यांवर. त्याच सवयीने दोघे अहवाल घेऊन बसलो.

गुणांक ३०० ते ९०० मध्ये असतो, पण त्याकडे शेवटी पाहावे. आधी नाव, पॅन, पत्ता तपासावा. मग एकेक कर्ज घ्यावे: हे आपलेच आहे काय, बाकी किती, थकले किती. जामीन राहिलो असलो तर तेही कर्ज येथे दिसते. खाली महिन्यांचे चौकोन असतात. शून्य म्हणजे हप्ता वेळेवर, ३० म्हणजे तीस दिवस उशीर. इंग्रजी एक्स अक्षरे असली तर सावकाराने त्या महिन्याची माहितीच दिलेली नाही. 'सेटल्ड' या शब्दाने पुष्कळ जण फसतात. आपण म्हणतो, मिटले! अहवालात त्याचा अर्थ, पूर्ण रक्कम न घेता तडजोडीने खाते बंद केले, आणि पुढचा सावकार ते वाईट खूण समजतो. 'रिटन ऑफ' म्हणजे कर्जमाफी नव्हे. बँकेने ते आपल्या हिशेबात बुडीत धरले, देणे तसेच राहिले.

आमच्या मित्राने मोटारसायकलचे कर्ज केव्हाच फेडले होते. अहवालात ते चालू, आणि थकबाकी सहाशे चाळीस रुपये. कर्ज फिटल्याचा दाखला ट्रंकेत सापडला, हे नशीब. तक्रार कंपनीकडे करता येते, कर्ज देणाऱ्या संस्थेकडेही, शुल्क नाही. संस्थेने २१ दिवसांत कंपनीला दुरुस्त माहिती द्यायची असते, आणि एकूण ३० दिवसांत तक्रार निकालात निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद न मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; या कंपन्या २०२२ च्या सप्टेंबरपासून त्याच्या कक्षेत आल्या आहेत.

दाखल्याची प्रत जोडून अर्ज केला. सव्विसाव्या दिवशी नोंद बदलली. मुलीची प्रवेश-फी मात्र तोवर आम्ही सर्वांनी वर्गणी काढून भरली होती.