प्रकल्प-दस्तऐवजांचा विकी : पानांची नावे आणि मांडणी

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून त्यांची निर्देशसूची ठेवणे बंधनकारक आहे. दस्तऐवज नुसते जतन करणे पुरेसे नाही, ते सापडले पाहिजेत, हे या तरतुदीमागील तत्त्व होय. मोठ्या प्रकल्पांची टिपणे, इतिवृत्ते व तांत्रिक मार्गदर्शिका आता अनेकदा ‘विकी’ पद्धतीने ठेवल्या जातात. तेथे या तत्त्वाची खरी कसोटी पानाला नाव देताना लागते.

विकी म्हणजे अनेकांनी मिळून लिहावयाचा व सुधारावयाचा संगणकीय दस्तऐवजसंग्रह. अमेरिकन संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला. ‘विकी’ हा हवाई बेटांच्या भाषेतील ‘जलद’ या अर्थाचा शब्द आहे. त्या पहिल्या विकीत दोन-तीन इंग्रजी शब्द मोठ्या आद्याक्षरांसह जोडून लिहिले, की त्याच नावाच्या पानाचा दुवा आपोआप तयार होत असे. २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियानेही आरंभी हीच रीत वापरली. पुढे दुहेरी चौकटी कंसांत नाव लिहिण्याची पद्धत आली. देवनागरीत मोठी व लहान अक्षरे नसल्याने आपल्या भाषांना हा बदल अत्यावश्यकच होता. मात्र नाव हाच पानाचा पत्ता, हे मूळ सूत्र कायम राहिले.

कार्यालयीन सवयीने आपण या पत्त्यातच सारी उतरंड कोंबू पाहतो. उदाहरणार्थ, ‘ठाणे/जव्हार/पाणलोट विकास’ असे शीर्षक घ्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाला, जव्हार तालुका त्यात गेला आणि असे शीर्षक एका दिवसात चुकीचे ठरले. त्याच वर्षी २ जून रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आल्यावर ‘आंध्र प्रदेश/वरंगळ’ने सुरू होणाऱ्या नावांचीही तीच गत झाली असती. योजनांची नावेही स्थिर नसतात. राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रमाची पुनर्रचना होऊन २०१९ मध्ये जल जीवन मिशन आले. परंतु नळाच्या पाण्यातील क्लोरीन तपासण्याची कृती त्यामुळे बदलली नाही. म्हणून त्या पानाचे नाव ‘पाण्यातील क्लोरीनची तपासणी’ एवढेच असावे. जिल्हा, योजना, विभाग या बाबी ‘वर्गां’कडे सोपवाव्यात. एक पान एकाच वेळी अनेक वर्गांत राहू शकते. कागदी फाइलीला हे साधत नाही.

‘अंतिम’, ‘सुधारित’, ‘नवीन २’ ही विशेषणे तर शीर्षकात नसावीतच. प्रत्येक बदलाचा इतिहास विकी स्वतः राखतो. ‘अंतिम’ नावाच्या दोन पानांपैकी कोणते खरे, हे क्षेत्रीय अभियंत्याला कळेनासे होते आणि तो जुन्या मापांनुसार काम करून बसतो. इतिवृत्तांसाठी दिनांक मात्र आवश्यक असतो. तो वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आणि सर्वत्र एकाच लिपीतील अंकांत लिहिल्यास यादी आपोआप कालानुक्रमे लागते.

मराठीची एक अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ या अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते भिन्न शब्द असतात. परिणामी एकाच विषयाची दोन पाने तयार होतात आणि माहिती दुभंगते. यास्तव कोणती पद्धत वापरावयाची, हे आरंभीच ठरवून घ्यावे लागते. शीर्षकाच्या लांबीलाही मर्यादा आहे. विकिपीडियाच्या ‘मीडियाविकी’ या प्रणालीत ती २५५ बाइट असून देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रांसह, तीन बाइट घेते. म्हणजे मराठीला जेमतेम ८५ चिन्हे मिळतात. शासन निर्णयांची ऐसपैस शीर्षके तेथे मावणे कठीणच!

नाव बदलणे अटळ झाल्यास जुन्या नावावरून नव्याकडे नेणारे ‘पुनर्निर्देशन’ ठेवावे. जुन्या परिपत्रकांत छापलेला पत्ता त्यामुळे चालू राहतो. मीडियाविकीत पान स्थलांतरित करताना ते सहसा आपोआप तयार होते. पण नाव दुसऱ्यांदा बदलले, तर पहिले पुनर्निर्देशन दुसऱ्यापाशीच थांबते व वाचक मुक्कामी पोहोचत नाही. ते हाताने दुरुस्त करावे लागते. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत गावाचे नाव आणि त्याचा संकेतांक वेगळे ठेवलेले आहेत, तेही याच विचाराने. मीडियाविकीतही प्रत्येक पानाला एक अंतर्गत क्रमांक असतो आणि नाव बदलले तरी तो तोच राहतो.

नावे ठरल्यानंतरही काही पाने एकाकी राहतात, म्हणजे त्यांच्याकडे अन्य कोणत्याही पानावरून दुवा येत नाही. अशा पानांची यादी प्रणाली स्वतःच देते. ती ठरावीक काळाने पाहून प्रत्येक पान योग्य ठिकाणी जोडण्याचे काम कोणा एकाकडे नेमून दिलेले असावे. सर्वांकडे सोपविलेले हे काम सहसा कोणीच करीत नाही.