यंत्रदेहांचे सारथी

पानें वाढलीं आहेत, वरणभातावर तुपाची धार पडली आहे, आणि घरांतला सतरा वर्षांचा मुलगा हांक मारूनही उठत नाहीं, हा प्रसंग आज कोणत्या घरीं घडत नाहीं? गेल्या मे महिन्यांत आम्ही नागोठण्यास आमच्या मावसबहिणीकडे चार दिवस राहावयास गेलों होतों, तेथें तो आमच्या डोळ्यांदेखत घडला. आजीनें तीन हांका मारल्या. तिसऱ्या हांकेस आंतल्या खोलींतून उत्तर आलें, "आजी, आतां उठलो तर माझे तिघे मरतील ग!" समोर अन्न असतां मरणाची भाषा ऐकून त्या माउलीचा चेहरा उतरला. आमचे मेहुणे निवृत्त शिक्षक. त्यांनीं ताट बाजूस सारलें व "उद्यांच्या उद्यां ती तार तोडून टाका," असें मुलाच्या बापास बजावलें. बापानें मान खालीं घातली. तो जवळच्या रसायनांच्या कारखान्यांत पाळीवर काम करतो. बारावीच्या वर्षांत शिरलेल्या मुलाशीं त्याचें गेले कित्येक महिने "अभ्यास झाला का?" यापलीकडे बोलणें उरलें नव्हतें, हें आमच्या बहिणीनें आम्हांस आधींच सांगितलें होतें.

ज्या गोष्टीवर रागवावयाचें ती निदान एकदां नीट पाहावी, असें आमचें मत आहे. म्हणून जेवण झाल्यावर आम्ही मुलाच्या शेजारीं खुर्ची ओढून बसलों. पुढें जें लिहिलें आहे, तें त्या तीन रात्रींत पाहिलेलें व मागाहून वाचून पडताळलेलें आहे.

खेळ असा आहे. संगणकाच्या पडद्यावर तीन-चार मजली उंचीचे लोखंडी देह चालत असतात. खेळाडू त्यांस 'मेक' म्हणतात. यंत्रमानव आणि मेक यांत एक भेद आहे, व सारें मर्म त्यांतच आहे. यंत्रमानव आपण होऊन चालतो. मेकच्या आंत माणूस बसलेला असतो. ही कल्पना जपानांत वाढली. १९७२ सालच्या 'माझिंगर झेड' या चित्रकथेंतील मुलगा प्रचंड यंत्राच्या डोक्यांत बसून तें हांकतो. १९७९ सालच्या 'गंडम' या दूरचित्रवाणीवरील मालिकेनें अशा यंत्रास फौजेंतल्या वाहनाचें रूप दिलें. अमेरिकेंत शिकागो येथील फासा नांवाच्या कंपनीनें १९८४ सालीं हेंच युद्ध पटावर मांडलें. त्या खेळाचें नांव 'बॅटलटेक'. १९८९ सालीं तो 'मेकवॉरिअर' या नांवानें संगणकावर आला, आणि १९९० सालीं शिकागोंत एकेकानें एकेका बंद कोठडींत बसून इतरांशीं लढावयाचें केंद्र उघडलें. आमच्या नागोठण्याच्या वीराचा खेळ याच वंशांतला. 'मेकवॉरिअर ऑनलाईन' हा खेळ कॅनडांतील व्हँकुव्हर शहरच्या पिरान्हा गेम्स या मंडळींनीं सप्टेंबर २०१३ मध्यें बाजारांत आणला. एका बाजूस बारा खेळाडू, दुसऱ्या बाजूस बारा. आणि चौघाचौघांच्या अशा तीन तुकड्या.

येथवर ऐकून कोणीही म्हणेल, "म्हणजे मारामारीच ना?" आम्हांसही तसेंच वाटलें होतें. परंतु पहिल्या रात्रीं आम्ही दीड तास बसलों, त्यांत लढाई झाली ती जेमतेम निम्मा वेळ. उरलेला सारा वेळ मुलगा आपलें यंत्र जुळवीत होता, आणि आमच्या दृष्टीनें त्या खेळाची खरी गोडी तेथेंच आहे.

प्रत्येक यंत्रास वजनाची मर्यादा ठरलेली असते. सर्वांत हलकें यंत्र वीस टनांचें, सर्वांत जड शंभर टनांचें. पस्तीस टनांपर्यंतचीं तीं हलकीं, चाळीस ते पंचावन्न मध्यम, साठ ते पंचाहत्तर जड, आणि ऐंशींच्या पुढचीं अतिजड. या ठरलेल्या वजनांत इंजिन, चिलखत, तोफा, त्यांचा दारूगोळा आणि उष्णता बाहेर टाकणारीं साधनें हें सर्व बसवावयाचें. मोठें इंजिन घ्यावें तर वेग येतो, पण तोफेस जागा उरत नाहीं. चिलखत छातीवर जाड करावें तर पाठ उघडी पडते. दारूगोळा भरपूर घ्यावा तर शत्रूचा नेमका मार त्यावर बसून आपलेंच अंग फुटण्याची भीति. थोडक्यांत, येथें सर्व कांहीं मिळूं शकतें, परंतु सर्व एकदम मिळत नाहीं. संसाराचा खर्च ज्यांनीं एका पगारांत भागविला आहे, अशा आमच्या वाचकभगिनींस या विद्येची ओळख निराळी करून द्यावयास नको.

दुसऱ्या रात्रीं मुलाचा बाप पाळीवरून परत येऊन दारांत उभा राहिला. त्याच वेळीं पडद्यावर एक गंमत झाली. मुलानें एका शत्रूवर साऱ्या तोफा एकदम डागल्या. कडेचा उष्णतेचा आंकडा भराभर चढला, आणि यंत्र आपोआप बंद पडून भर रणांत थिजल्यासारखें उभें राहिलें. शत्रूनें तेवढ्यांत आपलें काम उरकलें. मुलगा चरफडला. मागून बाप म्हणाला, "गरमी बाहेर काढायची सोय वाढव ना."

"तिला वजन लागतं, बाबा. मग चिलखत कमी करावं लागेल."

"मग चिलखत राहूं दे. सगळ्या तोफा एकदम कशाला डागतोस? आळीपाळीनें डाग."

मुलानें वळून पाहिलें. बाप पुढें येऊन पलंगाच्या कडेवर बसला व सांगूं लागला. कारखान्यांत वायूचे रेणू फोडणाऱ्या भट्ट्या आठशे अंशांच्या वर तापवाव्या लागतात. उत्पन्न अधिक हवें म्हणून आंच वाढवावी, तर नळ्यांत काजळी धरते. आंकडा ठरल्या रेषेपलीकडे गेला तर यंत्रणा भट्टी स्वतःच बंद पाडते, आणि मग ती पुन्हा सुरू करतांना सर्वांची झोप उडते. "आम्ही त्याला ट्रिप होणं म्हणतो," तो म्हणाला. मुलगा खेळ विसरून ऐकत होता. आपला बाप दिवसभर काय करतो, हें त्यानें बहुधा प्रथमच विचारलें. त्या रात्रीं त्या दोघांचें बोलणें किती वेळ चाललें होतें, हें आम्हांस सांगतां येत नाहीं. आम्ही निजावयास गेलों तेव्हां तें चाललेंच होतें.

स्वतःच्या हातानें जुळविण्याची ही हौस आपल्याकडे नवी नाहीं. दिवाळींत अंगणांत किल्ला करणारें पोर काय करतें? माती तेवढीच, दगड तेवढेच. पण बुरूज कोठें घ्यावा, चोरवाट कोठून काढावी आणि कोणता मावळा दरवाज्यावर उभा करावा, यांत त्याचें सारें कर्तृत्व. शेजारच्या पेण गांवीं गणपतीच्या मूर्ति होतात. सांचा एक असला तरी फेट्याचा रंग, आसन व डोळ्यांची आंखणी पाहून माणूस "हा आमचा" म्हणून मूर्ति निवडतो. यंत्राच्या बाबतींतही तेंच आहे. शेंकडों लोकांजवळ तेंच यंत्र असेल, परंतु त्यांतली तडजोड ज्याची त्याची असते. हरलें तर दोषही ज्याचा त्याचा, म्हणूनच जिंकण्याचा आनंद खरा.

आतां "माझे तिघे मरतील" या उद्‌गाराकडे वळूं. आमचा मुलगा हलकें यंत्र चालवितो. त्याचें चिलखत पातळ, तोफा लहान. जड यंत्राचे दोन तडाखे बसले कीं खेळ संपला. मग त्याचा उपयोग काय? तर त्यानें वेगानें पुढें जाऊन शत्रु हेरावयाचा. त्यानें जो शत्रु दृष्टींत धरून ठेवला, त्याच्यावर मागचे सोबती दुरून अग्निबाण टाकूं शकतात. त्यानें नजर काढली कीं ते बाण आंधळे होतात. आपल्या खोखोंत पाठलाग करणारा कितीही चपळ असो, योग्य क्षणीं खो देणारा व घेणारा नसेल तर तो एकटा काय करणार? बुद्धिबळाच्या पूर्वजास आपण चतुरंग म्हणत आलों, तें गज, अश्व, रथ व पदाति या चार अंगांवरून. गजाचें काम अश्वानें करूं नये, हा त्यांतला पहिला धडा. त्या रात्रीं मुलाच्या मागें तिघे सोबती होते. त्यांतला एक नाशिकास राहतो, एक जर्मनींत शिकणारा मराठी मुलगा. हा उठला असता तर ते तिघे खरोखरच आंधळे झाले असते. घरांत ज्याला सगळे "तुला कांहीं जमत नाहीं" म्हणतात, त्या मुलावाचून कोणाचें तरी अडतें, ही जाणीव त्या खोलींत त्यास मिळत होती. आजीच्या हांकेपेक्षां ती त्यास मोठी वाटली, यांत त्याचा अपराध असेल. पण तो अपराध कशाचा, हें तरी आपण जाणलें पाहिजे.

आणखी एक आकर्षण आहे, तें वयाचें. सतराव्या वर्षीं शरीर वाढतें, मत फुटतें, पण सत्ता कशावरच नसते. अशा वेळीं पन्नास टनांचा देह आपल्या बोटांच्या इशाऱ्यानें वळतो, हें सुख कांहीं सामान्य नव्हे. कठोपनिषदानें शरीरास रथ व बुद्धीस सारथी म्हटलें आहे. अकराव्या शतकांतील राजा भोजाच्या नांवावरील 'समराङ्गणसूत्रधार' या ग्रंथांत यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय असून त्यांत हालचाल करणाऱ्या लांकडी पुतळ्यांचें वर्णन आहे. म्हणून हा खेळ आमचाच, असें म्हणण्याचा पोकळ अभिमान आम्ही धरीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, आपल्याहून मोठ्या देहांत बसून तो ताब्यांत ठेवावा, ही इच्छा फार जुनी आहे.

असें असलें तरी दुसरी बाजू झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. या वर्गांतील कित्येक खेळ, विशेषतः मोबाईलवरचे, फुकट म्हणून हातीं येतात आणि पुढें पैसा मागूं लागतात. मुलाच्या खेळांतही यंत्रें विकत मिळतात. पण विकतच्या यंत्रासही वजनाची मर्यादा तीच राहते. जेथें पैसे भरणाराची तोफच अधिक मारक होते, तेथें तडजोड संपली, आणि तडजोडीबरोबर विद्याही संपली. उरली ती लिलावांतली बोली. ऑगस्ट २०२५ मध्यें आपल्या संसदेनें ऑनलाईन खेळांविषयीं कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या खेळांस मनाई केली व ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. परंतु खेळांतलें सामान विकत घ्यावें कीं नाहीं, हा निवाडा घरानेंच करावयाचा आहे.

वेळेचें संकट याहून मोठें. जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगसूचीच्या अकराव्या आवृत्तींत खेळाच्या विकाराची नोंद केली असून ती आवृत्ति १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली. खेळावरचा ताबा सुटणें, इतर साऱ्या गोष्टी मागें पडणें, नुकसान दिसत असूनही खेळ वाढत जाणें, आणि हें सामान्यतः वर्षभर चालणें, हीं त्याचीं लक्षणें. एका जेवणास उशीर झाला म्हणून मुलास रोगी ठरवूं नये. तसेंच वर्षभर झोप व अभ्यास बुडत असतां "मुलें अशींच" म्हणून डोळेझांकही करूं नये.

आमच्या बहिणीच्या घरीं तार तुटली नाहीं. तिसऱ्या दिवशीं सर्वांनीं मिळून एक नियम ठरविला. एक डाव फार तर पंधरा मिनिटांचा असतो, हें मुलानें आजीस समजावून सांगितलें. तेव्हां कुकरची शेवटची शिट्टी झाल्यावर नवा डाव मांडावयाचा नाहीं, आणि मांडलेल्या डावांतून आजीनें उठवावयाचें नाहीं. रात्रीं दहानंतर यंत्र बंद, पैसे खर्चावयाचे नाहींत, आणि रविवारीं बापानें शेजारीं बसावयाचें. शेवटचें कलम मुलानेंच घातलें. मेहुण्यांनीं मान डोलावली नाहीं, पण नाहींही म्हटलें नाहीं.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं आम्ही सर्वजण अंबा नदीवरच्या जुन्या दगडी पुलाकडे फिरावयास गेलों. सुमारें १५८० सालीं चौलच्या काजी अलाउद्दीनानें हा पूल बांधला, असें मेहुणे नातवास सांगत होते. मुलगा कमानींकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानें विचारलें, "आजोबा, यावर वजन किती टन चालत असेल?"

मेहुणे थांबले. "हत्ती जात असतील एके काळीं," ते म्हणाले. "हत्तीचं वजन धर पांच टन. एका वेळीं कमानीवर किती उभे राहतील, तें मोजूं या." आणि आजा-नातू दोघेही पावलें टाकीत पुलाची रुंदी मोजूं लागले.