एका दिवसाची मुंबई

प्रवासाच्या योगानें मनुष्य बहुश्रुत होतो, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तें खरें आहे. परंतु पाय हिंडले म्हणजे मनहि हिंडलें असें होत नाहीं. शाळांच्या सहली मुंबईस जातात, एका दिवसांत दहा-बारा स्थळें पाहून होतात, प्रत्येक ठिकाणीं छायाचित्र काढलें जातें, आणि परत आल्यावर “काय पाहिलें?” असें विचारलें असतां उंच इमारती, समुद्र व गर्दी यांपलीकडे उत्तर जात नाहीं. हा दोष मुलांचा नव्हे. मोठें शहर हें जाड ग्रंथासारखें असतें. तें एका दिवसांत वाचून होणें शक्य नाहीं. पण त्यांतील एकच प्रकरण हातीं घेऊन शेवटपर्यंत लावून धरलें, तर एका दिवसांतहि पुष्कळ कळतें. मुंबईचें असें कोणतें प्रकरण घ्यावें, व त्याकरितां दिवस कसा आंखावा, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम वाटाड्याविषयीं. वाटाड्या म्हणजे केवळ रस्ता दाखविणारा नव्हे. रस्ता तर गाडी हांकणाऱ्यासहि ठाऊक असतो. जें डोळ्यांस दिसत नाहीं तें जो दाखवितो, तोच खरा वाटाड्या. सरकारी परवाना असलेले, मराठी बोलणारे वाटाडे मुंबईंत मिळतात. शाळेनें असा मनुष्य अगोदर ठरवावा, व आपणांस कोणतें प्रकरण वाचावयाचें आहे हें त्यास आधींच सांगून ठेवावें. मग विद्यार्थ्यांनीं दिवसभर प्रत्येक स्थळीं त्यास एकच प्रश्न विचारावा : “येथें पूर्वीं पाणी होतें कीं जमीन?” हा प्रश्न दिसावयास पोरकट आहे, पण मुंबईचा अर्धा इतिहास त्याच्या उत्तरांत आहे.

कारण, मुंबई हें मूळचें एक शहर नव्हे, एक बेटहि नव्हे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी व माहीम अशीं तीं सात बेटें होतीं. त्यांच्यामध्यें खाड्या व दलदल असे. भरतीच्या वेळीं बेटें वेगळीं होत व ओहोटीच्या वेळीं त्यांच्यामध्यें चिखल उघडा पडे. कोळी लोक येथील फार जुने रहिवासी. त्यांच्या मुंबादेवीवरूनच गांवास नांव मिळालें, असें सामान्यतः मानितात. १५३४ सालीं हीं बेटें गुजराथच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेलीं. १६६१ सालच्या विवाहाच्या तहान्वयें तीं इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस यास मिळालीं, आणि १६६८ सालीं त्यानें तीं वर्षास अवघ्या दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकलीं. त्या सात तुकड्यांचें एक अखंड शहर कसें झालें, हें आपलें प्रकरण.

आतां दिवस कोणता निवडावा? येथें पंचांग उपयोगी पडतें. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारें साडेबारा तास लागतात, व भरतीची वेळ दररोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढें जाते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास भरती-ओहोटींतील अंतर सर्वांत मोठें असतें, आणि त्या दिवसांत मुंबईस मोठी भरती मध्यान्हाच्या आसपास येते. म्हणून हिंवाळ्यांतील असा दिवस निवडावा. दुपारीं चढलेला समुद्र दिसेल, सायंकाळीं उतरलेला. समुद्र कोठपर्यंत येतो व कोठपर्यंत जातो हें एकाच दिवसांत स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावयास मिळेल.

दिवसाचा आरंभ अगदीं पहांटे, कुलाब्याच्या ससून गोदींत करावा. ही गोदी १८७५ सालची. होड्यांतून मासळी उतरत असते, कोळिणी पाट्या घेऊन लिलांवांत उभ्या असतात, बर्फाच्या लाद्या फुटत असतात. वास उग्र असतो. पण नाकास रुमाल लावून पळूं नये. मुंबईचा सर्वांत जुना धंदा येथें जिवंत आहे. ज्यांच्या हातीं बेटें असतांना होड्या होत्या, त्यांचे वंशज शहर झाल्यावरहि समुद्राकडेच तोंड करून आहेत, हें ध्यानांत ठेवावें. संध्याकाळीं त्याची पुन्हां गरज लागेल.

तेथून उत्तरेस येतांना आपण ज्या दुकानांच्या रस्त्यानें चालतों, तो कुलाबा कॉजवे, हल्लींचा शहीद भगतसिंग मार्ग. कॉजवे म्हणजे पाण्यांतून घातलेला बांध. तो १८३८ सालीं पुरा होईपर्यंत भरतीच्या वेळीं कुलाब्यास होडीशिवाय जातां येत नसे. आज तेथें चपला व बांगड्या विकणाऱ्यांस आपल्या पायांखालीं खाडी होती याची आठवणहि होत नसेल.

पुढें गेट वे ऑफ इंडिया. पंचम जॉर्ज बादशहा व राणी मेरी १९११ सालीं येथें उतरलीं, त्याचें हें स्मारक. १९१३ सालीं कोनशिला बसली, आणि अपोलो बंदराच्या किनाऱ्यास भराव घालून मिळविलेल्या जमिनीवर जॉर्ज विटेट याच्या आराखड्याप्रमाणें ही कमान उभी राहिली. ती ४ डिसेंबर १९२४ रोजीं खुली झाली. पुढें पुरीं चोवीस वर्षें होण्यापूर्वींच, २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं, शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानींतून बाहेर पडून जहाजावर चढली. येणाऱ्यांच्या सन्मानार्थ बांधलेलें दार जाणाऱ्यांच्या उपयोगास आलें! येथून घारापुरीच्या लेण्यांकडे बोटी जातात. परंतु जाण्यासच सुमारें एक तास लागतो, म्हणून ती सहल निराळ्या दिवसाकरितां ठेवावी. सोमवारीं लेणीं बंद असतात, हेंहि लक्षांत असावें.

नंतर ओव्हल मैदानावर जाऊन मध्यभागीं उभें राहावें. पूर्वेस विद्यापीठाची इमारत व राजाबाई मनोरा, शेजारीं उच्च न्यायालय. पश्चिमेस गुळगुळीत, वळणदार सज्जांच्या इमारतींची रांग. पूर्वेकडील बांधणी एकोणिसाव्या शतकांतील, व बांधली तेव्हां तिच्यासमोर समुद्र दिसत असे. पश्चिमेकडील इमारती ज्या जमिनीवर आहेत ती विसाव्या शतकांत समुद्र हटवून मिळविलेली आहे. या दोन्ही रांगांचा २०१८ सालीं जागतिक वारशांत समावेश झाला.

राजाबाई मनोऱ्याची कथा विद्यार्थ्यांनीं अवश्य ऐकावी. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरूं झालें. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. आलेल्या पैशांत समुद्र भरून जमीन विकण्याच्या कंपन्या निघाल्या, व त्यांच्या भागांवर लोकांनीं सट्टा केला. १८६५ सालीं युद्ध संपतांच भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या व शेंकडों घरें धुळीस मिळालीं. त्या सट्ट्याचा धुरीण प्रेमचंद रायचंद हाहि त्यांत बुडाला. परंतु तत्पूर्वीं त्यानें मनोऱ्यासाठीं दोन लक्ष रुपये देऊन ठेवले होते. १८७८ सालीं पूर्ण झालेल्या त्या २८० फूट उंच मनोऱ्यास त्याच्या आईचें नांव आहे. सट्ट्यांत मिळविलेलें गेलें, दिलेलें तेवढें राहिलें.

मैदानाच्या वायव्येस चर्चगेट. तेथें चर्चहि नाहीं आणि गेटहि नाहीं! जुन्या किल्ल्याच्या तटास सेंट थॉमस मंदिराच्या बाजूस जो दरवाजा होता त्याचें हें नांव. तें मंदिर १७१८ सालच्या नाताळांत उपासनेस खुलें झालें व आजहि उभें आहे. तट व दरवाजा १८६० नंतरच्या दशकांत गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या कारकीर्दींत पाडले गेले. वस्तु गेली तरी नांव राहतें, हा धडा मुंबईंत पावलोपावलीं मिळतो. बोरीबंदर, चिंचबंदर, मस्जिदबंदर, उमरखाडी, पायधुणी हीं नांवें उच्चारून पाहा. आज तेथें बंदरहि नाहीं, खाडीहि नाहीं. वाटसरू चिखलांतून येऊन जेथें पाय धूत असत ती पायधुणी, असें सांगतात. ज्यास मराठी येतें त्यास हीं नांवेंच वाटाड्याचें काम करितात.

बोरीबंदरासच आपलें पुढचें स्थळ आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं येथून आगगाडी ठाण्यास गेली. अंतर सुमारें ३४ किलोमीटर. हल्लींची भव्य इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यानें रचिली. काम १८७८ सालीं सुरूं होऊन सुमारें दहा वर्षें चाललें. पूर्वीं व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणून प्रसिद्ध असलेल्या या स्थानकास आतां छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात. भिंतींवरील पानें, फुलें, पशुपक्षी पाहून पुढें सरकूं नये. तें कोरीव काम जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंतील विद्यार्थी व कारागीर यांच्या हातचें आहे. २००४ सालीं ही इमारत जागतिक वारसा ठरली, त्यांत त्या हातांचाहि वांटा आहे.

मध्यान्हीं मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून शिदोरी सोडावी. भरती चढलेली असेल. हा सुमारें साडेतीन किलोमीटरांचा अर्धचंद्राकृति रस्ता भरावाच्याच जमिनीवर आहे. १९२० नंतर गव्हर्नर लॉइड याच्या वेळीं हें काम निघालें. खर्च वारेमाप वाढला, व त्यांतील गैरव्यवहारावर वीर नरिमन यांनीं निर्भयपणें टीका केली. समोरचा रस्ता सुंदर आहे. त्याची किंमत कोणी दिली हें विचारण्याची संवयहि तितकीच सुंदर आहे.

पुढें मलबार टेकडीवर चढावें. येथील फिरोजशहा मेहता उद्यानास ‘झुलती बाग’ म्हणतात, पण तींत कांहींच झुलत नाहीं. १८८१ सालची ही बाग पाण्याच्या टांक्यावर पसरलेली आहे. मुलें जेथें धांवतात त्याच्या खालीं शहराचें पिण्याचें पाणी आहे. चोहोंकडे समुद्र असून प्यावयास थेंब नाहीं, ही बेटांची जुनी अडचण. १८६० च्या सुमारास विहार तलावाचें पाणी नळानें आलें तेव्हां ती प्रथम कांहींशी दूर झाली.

उतरून महालक्ष्मीकडे यावें. महालक्ष्मी व वरळी यांच्यामध्यें पूर्वीं समुद्राचें खिंडार होतें, व भरतीचें पाणी त्यांतून बेटांच्या पोटांत शिरे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यानें तेथें बांध घातला. तो १७८४ च्या सुमारास पुरा झाला. सात बेटांचें एक शहर होण्याचा खरा प्रारंभ येथें आहे. समोर हाजी अलीचा दर्गा दिसतो. त्याची वाट मोठ्या भरतींत पाण्याखालीं जाते. म्हणजे सारी मुंबई पूर्वीं कशी होती याचा नमुनाच समुद्रानें येथें राखून ठेविला आहे.

दिवसाचा शेवट वरळी कोळीवाड्यांत व माहीमच्या बांधावर करावा. माहीम व वांद्रें यांमधील हा बांध १८४५ सालीं झाला. त्याचा १ लक्ष ५७ हजार रुपये खर्च लेडी अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांनीं दिला, तोहि कोणापासून जकात घेऊं नये या अटीवर. त्याच खाडीच्या मुखापुढून २००९ सालीं ५.६ किलोमीटरांचा सागरी सेतु झाला, आणि २०२४ सालीं दक्षिणेकडून किनारी रस्ताहि येऊन पोंचला. हा रस्ता बांधतांना पुलाच्या खांबांतील ६० मीटर अंतरांतून होड्या सुरक्षित नेतां येणार नाहींत, अशी तक्रार वरळीच्या कोळ्यांनीं केली. बरेच दिवस नेटानें लढल्यावर तें अंतर १२० मीटर करण्याचें ठरलें. पहांटे पाहिलेल्या मासळीच्या पाट्या येथें आठवाव्या.

सबंध दिवस एकच प्रश्न विचारून काय मिळालें? हें कीं, मुंबईची पुष्कळशी भूमि माणसांनीं टेकड्या फोडून, टोपल्या वाहून, समुद्रापासून मिळविली आहे. तो पराक्रम खराच. परंतु समुद्र आपली जागा विसरत नाहीं. पावसाचें पाणी गटारांतून समुद्रास मिळतें. मोठ्या भरतीच्या वेळीं समुद्राची पातळी गटारांच्या तोंडांहून वर येते, आणि पाणी परत शहरांतील सखल भागांत तुंबतें. हाजी अली व वरळी येथें तें उपसण्यासाठीं मोठे पंप बसवावे लागले. उत्तरेकडे मिठी नदीचें पात्रहि असेंच भराव व वस्ती यांनीं आंवळलें गेलें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठीस पूर आला, व शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. पाण्याची वाट कोणती होती हें ठाऊक असणें ही केवळ इतिहासाची हौस नव्हे. तो जिवाचा प्रश्न आहे.

पालकांस एक विनंती आहे. सहलीच्या खर्चाचा हिशेब आपण घेतां तो योग्यच, पण मुलगा अथवा मुलगी परत आल्यावर “किती स्थळें पाहिलींस?” असें न विचारतां “कोणतें एक नीट कळलें?” असें विचारावें. आणि विद्यार्थिमित्रहो, ज्यांस यंदा मुंबईस जाणें घडणार नाहीं त्यांनीं खिन्न होऊं नये. आपल्या गांवींहि बुजविलेला ओढा, आटलेलें तळें, किंवा जेथें वेस नाहीं अशी ‘वेस’ असेलच. गांवांतील एखाद्या वृद्ध माणसास वाटाड्या करावें, व तोच प्रश्न त्यांस विचारावा. तें उत्तर देण्यास त्यांस आनंदच वाटेल; आणि तें ऐकून ठेवणारें कोणी नसेल, तर त्यांच्या मागें तें सांगणारेंहि कोणी उरणार नाहीं.