मित्राचा स्टार्टअप आणि तुमचे पाच लाख

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसखालच्या टपरीवर कटिंग मारताना जुना टीममेट भेटतो. नोकरी सोडून त्याला चार महिने झालेत. डोळ्यांत चमक, खांद्याला बॅग, बॅगेत लॅपटॉप आणि लॅपटॉपमध्ये बारा स्लाइड्सचं प्रेझेंटेशन. चहा संपायच्या आत साहेब मुद्द्यावर येतात, "पाच लाख टाक यार! दोन टक्के तुझे. तू आमचा एंजल!"

आता आली का पंचाईत? ते पाच लाख म्हणजे फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी तीन वर्षं पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे. 'नाही' म्हटलं तर मैत्रीला खरचटणार, 'हो' म्हटलं तर झोप उडणार. आणि मनाच्या एका कोपऱ्यात भलताच किडा वळवळतोय, हाच उद्याचा गूगल निघाला तर?

थांबा. चेकबुक काढण्याआधी, ज्यांनी आयुष्यभर हाच धंदा केला त्यांचे अनुभव जरा बघू या.

पंख कुठून आले?

'एंजल' हा शब्द मूळचा ब्रॉडवेचा. न्यूयॉर्कच्या नाटकांत पैसा घालणाऱ्या धनिकांना तिथे एंजल म्हणत. नाटक चाललं तर चांदी, पडलं तर पैसे गेले. त्यावर रडारड करायची नाही, हा अलिखित नियम.

आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पुण्यातलंच आहे. १९८१मध्ये इन्फोसिस सुरू झाली, ती सुधा मूर्ती यांनी आपल्या साठवणीतून काढून दिलेल्या १० हजार रुपयांवर. १९९३मध्ये कंपनीने ९५ रुपयांना शेअर विकायला काढले, तेव्हा तो इश्यू धड भरलासुद्धा नाही! ज्याने त्या वेळी १०० शेअर घेतले आणि त्यांना हात लावला नाही, त्याच्याकडे पुढचे सगळे बोनस आणि स्प्लिट धरून १ लाख २ हजार ४०० शेअर झाले. गुंतवणूक फक्त साडेनऊ हजारांची.

गोष्ट भारी आहे. पण त्याच काळात घरून पैसे घेऊन सुरू झालेल्या आणि गपचूप बंद पडलेल्या कंपन्यांची नावं कुणाला आठवतात? आपल्यापर्यंत येतात त्या फक्त जिंकलेल्यांच्या गोष्टी.

दहातला एक

व्हेंचर कॅपिटलचा धंदा आधुनिक रूपात सुरू केला तो हार्वर्डचे प्राध्यापक जॉर्जेस डोरिओ यांनी. त्यांच्या कंपनीने १९५७मध्ये 'डिजिटल इक्विपमेंट' या कॉम्प्युटर कंपनीत ७० हजार डॉलर घातले. १९६६मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हा त्या हिश्श्याची किंमत साडेतीन कोटी डॉलरच्या वर गेली होती. या एका डावापुढे त्यांच्या बाकीच्या गुंतवणुका किरकोळ वाटायला लागल्या.

तेव्हापासून या धंद्याचा फंडा तोच आहे. बहुतेक कंपन्या बुडतात, काही मुद्दल परत देतात आणि एखादीच सगळ्यांची भरपाई करते. आपल्या पाच लाखांचंच गणित मांडू या. समजा, ५० हजारांचे दहा डाव लावले. सहा बुडाले. तिघांनी फक्त मुद्दल परत केलं. एकाने तब्बल वीसपट दिले. म्हणजे हातात आले साडेअकरा लाख. आठ वर्षांत! वर्षाला साधारण ११ टक्के पडले. वीसपटचा जॅकपॉट लागूनही एवढेच! आणि तो एक हातून निसटला असता, तर पाच लाखांतले उरले असते दीड लाख.

मित्राच्या एकाच कंपनीत सगळे पाच लाख घालणं म्हणजे या दहातली एकच चिठ्ठी उचलणं. चिठ्ठी मित्राची आहे म्हणून ती लकी ठरत नाही.

गॅरेज चुकवणारे

बरं, व्यावसायिक मंडळींना तरी आधी कळतं का? 'बेसेमर' या अमेरिकेतल्या जुन्या व्हेंचर फर्मने आपण नाकारलेल्या कंपन्यांची यादी स्वतःहून जाहीर केली आहे. त्यात ॲपल आहे, गूगल आहे आणि फेडेक्स तर सात वेळा नाकारलेली! त्यांच्या एका पार्टनरच्या मैत्रिणीने आपलं गॅरेज गूगलच्या दोन पोरांना भाड्याने दिलं होतं. ती म्हणाली, भेट तरी. पण गॅरेजच्या जवळून न जाता घराबाहेर कसं पडता येईल, हीच या गृहस्थांना चिंता! उलट अँडी बेक्टोलशाइम यांनी १९९८मध्ये डेमो बघून गूगलला एक लाख डॉलरचा चेक दिला, तेव्हा तो भरायला कंपनीची रीतसर नोंदणीही झाली नव्हती.

इथे एक लक्षात घ्या. बुडणाऱ्या कंपनीत जास्तीत जास्त तेवढेच पैसे जातात, पण सुटलेली कंपनी शेकडोपट महाग पडते. म्हणून हे लोक भरपूर डाव लावतात. आपल्याला ते परवडतं का, एवढाच प्रश्न आहे.

ग्रॅहम गुरुजींचा नियमभंग

आता रस्त्याच्या पलीकडे जाऊ. व्हॅल्यू इन्व्हेस्टिंगचे आद्यगुरू बेंजामिन ग्रॅहम. यांचा सगळा भर चुकलं तर किती जाईल, यावर. रुपयाची वस्तू साठ पैशांना मिळाली तरच घ्यायची, म्हणजे अंदाज थोडा चुकला तरी पाय घसरत नाही. यालाच ते 'मार्जिन ऑफ सेफ्टी' म्हणत.

पण गंमत बघा. १९४८मध्ये त्यांच्या फंडाने 'गायको' या विमा कंपनीचा अर्धा हिस्सा सुमारे ७ लाख १२ हजार डॉलरना घेतला. फंडाचे जवळजवळ पाव पैसे एका ठिकाणी! आणि वीस वर्षांत बाकी सगळ्या व्यवहारांतून मिळाला नाही एवढा नफा त्या एकाने दिला, हे ग्रॅहम यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. म्हणजे दहातल्या एकाचा नियम शेअर बाजारातही आहेच की.

त्यांचा शिष्य वॉरन बफे. त्याने १९५१मध्ये गायकोत १०,२८२ डॉलर घातले आणि पुढच्याच वर्षी १५,२५९ डॉलरना विकून तो मोकळा झाला. दीडपट झाले, आणखी काय हवं? पुढच्या वीस वर्षांत तोच हिस्सा सुमारे १३ लाख डॉलरचा झाला असता. चांगली कंपनी घाईने विकू नये, हा धडा बफे यांना तेव्हा मिळाला.

एकच कंपनी, दोन गिऱ्हाइकं

जवळचं उदाहरण हवंय? झोमॅटो. नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या 'इन्फो एज'ने २०१०मध्ये तिच्यात पहिल्यांदा सुमारे ४ कोटी ७० लाख रुपये घातले आणि पुढेही घालत राहिली. कंपनी बाजारात यायला ११ वर्षं लागली. मधल्या काळात इन्फो एजचे दुसरे काही डाव पाण्यात गेले. झोमॅटोने ते सगळं भरून काढलं.

जुलै २०२१मध्ये ७६ रुपयांचा हा शेअर पहिल्याच दिवशी ११५च्या वर उघडला. ऑफिसात जो तो डीमॅट उघडून बसला होता. वर्षभरात भाव ५०च्या खाली! ऑर्डरी काही निम्म्या झाल्या नव्हत्या, उत्साह निम्मा झाला होता. ज्याने घाबरून तेव्हा विकलं, त्याने २०२४मध्ये २००च्या वरचा भाव बघून कपाळाला हात लावला असणार. कंपनी चांगली असणं वेगळं आणि आपण दिलेला भाव चांगला असणं वेगळं.

कागदावरचे दोन टक्के

आता पुन्हा टपरीवर. पाच लाखांना दोन टक्के म्हणजे मित्राने चार महिन्यांच्या कंपनीची किंमत अडीच कोटी लावली आहे. कशाच्या जोरावर, हे विचारायला लाजू नका.

दुसरं, ते दोन टक्के दोन टक्के राहत नाहीत. नवे गुंतवणूकदार आले की नवे शेअर निघतात. प्रत्येक फेरीत २० टक्के गेले, तर चार फेऱ्यांनंतर तुमच्याकडे उरतात जेमतेम ०.८ टक्के. शिवाय मोठे फंड 'आमचे पैसे आधी' अशी अट घालतात. त्यांनी २० कोटी घातले आणि कंपनी १५ कोटींना विकली गेली, तर ते १५ कोटी त्यांचे. तुमच्या वाट्याला पार्टीचा केक!

आणि हो, पगारात पाणी सोडून ईसॉप घेतले असतील, तर तुम्ही आधीच एंजल आहात. पगार आणि शेअर, दोन्ही एकाच टोपलीत. ती टोपली मोजल्याशिवाय दुसरी उचलू नका.

मग करायचं काय?

डाउन पेमेंटच्या पैशांना हात नाही, एवढं आधी ठरवा. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा ना स्टार्टअपचा, ना शेअर बाजाराचा. उरलेल्यातून, शून्य झाले तरी घरातल्या जेवणाच्या टेबलावर ज्याचा विषय निघणार नाही, अशी रक्कम काढा. ती २५ हजार असली तर २५ हजार. दहा वर्षं परत येणार नाही असं समजूनच द्या. मित्राच्या नव्हे, कंपनीच्या खात्यात द्या आणि शेअर मिळाल्याचा कागद घ्या. एवढ्याशा रकमेत त्याचं भागणार नसेल, तर सरळ सांगा, पैसे नाही जमणार, पण पहिली दहा गिऱ्हाइकं शोधून देतो. चार महिन्यांच्या कंपनीला त्याचीही तितकीच गरज असते.

सोमवारी त्याला फोन करा, लटकवून ठेवू नका. स्पष्ट 'नाही' ऐकून मित्र दोन दिवस फुगेल. पण बुडालेल्या पाच लाखांनंतर लग्नाकार्यात एकमेकांची नजर चुकवत फिरण्यापेक्षा ते दोन दिवस स्वस्त. आणि आजच्या कटिंगचे पैसे मात्र तुम्हीच द्या. त्याचा पगार बंद झालाय.