अपिलात गेला म्हणजे सुटला?

समजा, जुन्नर तालुक्यातल्या ओझरच्या शिवारात पाण्याच्या पाळीवरून जुंपली, कोयत्याचा घाव बसला आणि घाव घालणाऱ्याला कैद झाली. घरचे एकमेकांना धीर देतात, "अपील टाकलं की येईल घरी." तसं होत नाही. अपील दाखल झालं तरी शिक्षा आपोआप थांबत नाही. स्थगिती आणि जामिनासाठी वेगळा अर्ज लागतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर अपील दाखल करण्यापुरती सवलत शिक्षा देणारं न्यायालयच देतं. त्यातही थांबते ती शिक्षा. दोषसिद्धी सहसा कायम राहते आणि ती पदाच्या आड येऊ शकते. सरपंचपदावर डोळा असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मुदतीचंही तसंच. जुन्नरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली तर सत्र न्यायालयात ३० दिवसांत, सत्र न्यायालयाने दिली तर उच्च न्यायालयात ६० दिवसांत जायचं. निकालाची नक्कल मिळण्यात गेलेले दिवस यातून वजा होतात. ओझरच्या विघ्नहर गणपतीला नारळ जरूर फोडा, पण उशीर माफ व्हायला न्यायालयाला पटेल असं कारण लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, म्हणून आपली अपिलं तिकडे जातील असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पुणे जिल्हा मुंबईकडेच आहे.

वरच्या कोर्टात नवे साक्षीदार उभे करू, हीही आशा बहुधा फोल ठरते. तिथे जुनाच पुरावा, म्हणजे जखमेचा दाखला, पंचनामा, उलटतपासणी, नव्याने तपासला जातो. मात्र "शिक्षा वाढली तर?" या भीतीने घरी बसू नये. फक्त आरोपीनेच केलेल्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. वाढ हवी तर सरकारने स्वतंत्र अपील करायचं असतं.

गावकीत मिटलं की केस मिटते, हे तर साफ चूक. घातक हत्याराने गंभीर दुखापत करणं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ११८(२), हा आपसात मिटवता येणारा गुन्हाच नाही. किमान एक वर्ष कैद, कमाल जन्मठेप. समेटाचा कागद सहसा फार तर शिक्षा ठरवताना विचारात घेतला जातो.

पैसे नाहीत म्हणून अपील सोडायचंही कारण नाही. कैदेत असलेल्याला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, अर्ज तुरुंग अधिकाऱ्याकडेही देता येतो. कैद्याला निकालाची प्रत वेळेत आणि फुकट मिळालीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बजावलं, तेही महाराष्ट्रातल्याच होसकोट खटल्यात.