आगन्तुक आणि आवासिक

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आगन्तुक व आवासिक अशा दोन्ही भिक्खूंची कर्तव्ये सांगितली आहेत. येणाऱ्याने विहाराची रीत पाळावी. राहणाऱ्याने आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे. संघाचा नियम राष्ट्रास जसाच्या तसा लागत नाही, हे खरे. तरी कर्तव्य दोहोंकडे असते, हे तत्त्व लागू पडतेच.

कोल्हापूरने ते पाहिले आहे. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथील छावणीत सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. पुढे तेथेच फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे वसली. गांधीनगरची कापडपेठ त्यांनीच उभारली.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मीयांना सवलत दिली. त्यांत बौद्ध आहेत. एवढ्यावर आम्ही समाधान मानावे काय? श्रीलंकेचे तमिळ व म्यानमारचे रोहिंग्या त्या यादीबाहेर आहेत. आणि ते ज्या देशांतून पळाले ते दोन्ही बौद्धबहुल आहेत, हे आम्हांस अधिक बोचते.

संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये शब्द 'व्यक्ती' आहे, 'नागरिक' नव्हे. त्याच आधारे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलातील चकमांना, म्हणजे बौद्धांनाच, संरक्षण दिले. तोच अनुच्छेद आम्ही रोहिंग्यांच्या बाबतीत कोणत्या तोंडाने विसरावा?